जळत्या पुलावरचा दुसरा जखमी

फौजेतून पदक घेऊन आलेला हा गडी सिनेमात शिरला तो निव्वळ रुंद खांद्यांच्या जोरावर. तीन चित्रपट चालले. लोक रस्त्यात ‘मेजर’ म्हणून हाका मारू लागले; होता तो साधा शिपाई. चौथा चित्रपट मात्र त्याच्याच पराक्रमावर निघाला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“अहो, स्वतःचंच तर काम करायचंय,” बायको म्हणाली. “पाठांतरसुद्धा नको!”

तो हसला आणि ताट बाजूला सारलं. सन्मानपत्रात लिहिलं होतं, की जळत्या पुलावरून त्याने एका जखमी सोबत्याला पाठीवर घालून आणलं. ते खरंच होतं. दुसरा, वायरलेसवाला, जागीच गेला, असंही लिहिलं होतं. ते खोटं होतं. वायरलेसवाला जिवंत होता, बोलत होता. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

चित्रीकरणाच्या दिवशी मेकअपवाला कुरकुरला, “मेजर, घाम आवरा हो. रक्त वाहून चाललंय.”

तेवढ्यात निर्माता एका बाईंना घेऊन आला. वायरलेसवाल्याची बायको. जाहिरातीच्या फोटोसाठी बोलावलेली.

पटकथेत त्याने दोन्ही जखमींना वाचवलं होतं. वाक्य एकच होतं: “दोघांनाही आणलंय, साहेब!” चार वेळा कॅमेरा फिरला, चारही वेळा ते ओठांवरच अडलं.

“अहो, एवढंसं तर वाक्य!” दिग्दर्शक वैतागला.

मेजर तडक बाईंच्या खुर्चीपाशी गेला. “वहिनी, तो जागीच गेला नव्हता. परत येतो म्हणून मी त्याला ठेवून निघालो. वळलो, तर पूल कोसळला होता.”

वहिनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “अकरा वर्षं मी त्या ‘जागीच’वर काढली. तेवढंही ठेवलं नाहीत तुम्ही.” आणि फोटो न काढताच निघून गेल्या.

त्याने ते वाक्य म्हटलंच नाही. निर्मात्याने दुसऱ्याच्या आवाजात ते भरलं आणि चित्रपट धो धो चालला. घरी मात्र दाराची घंटा वाजली की मेजर बायकोला पुढे पाठवी. वहिनींना लिहायला घेतलेली पत्रं दोन ओळींवरच अडत.

चित्रपटाच्या पाचव्या आठवड्यात घंटा वाजली. दारात वहिनी, सोबत त्यांची चौदा वर्षांची मुलगी.

“हिला सांगा,” वहिनी म्हणाल्या. “काही गाळू नका.”

त्याने सांगितलं. मध्ये बायकोने पाणी पुढे केलं. तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती. मुलीने नजर हलवली नाही.

“बाबा घाबरले होते?” तिने विचारलं.

“हो. ‘लवकर ये’ म्हणाला.”

मुलीने मान हलवली आणि ती उठली. वहिनी मात्र उठल्या नाहीत. “पुढे?” त्या म्हणाल्या. “आणखी काय म्हणाले ते?”