प्रताप नगरातलं पुणे

बाळांनो, मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही दोघांनी सरळच विचारलंत, की आजोबा खरंच त्या सिनेमात आहेत की थापा मारतात. मोबाइलवर तुम्ही तो दोनदा पाहिलात. घर ओळखलंत, फाटक ओळखलंत, पण आजोबा काही सापडले नाहीत. शिवाय अंगणातल्या आपल्या स्कूटरवर पुण्याचा नंबर कसा, हाही प्रश्न होताच. त्यावर आजोबांनी जे उत्तर दिलं त्यात आधीच्या फोनपेक्षा एक नटी आणि एक मारामारी जास्त होती. म्हणून म्हटलं, आता मीच लिहून ठेवते. असे आणखी चार फोन झाले तर खरं काय घडलं ते मलाही आठवणार नाही.

गेल्या वर्षी संक्रांत झाल्यावर एक गृहस्थ आपल्या फाटकाशी उभे राहून घराचे फोटो काढू लागले. पन्नाशीचे, नागपूरचेच, सिनेमावाल्यांना जागा शोधून देणारे. मी बाहेर गेले तर म्हणाले, "काकू, तुमचं घर अगदी पुण्यातलं वाटते."

मला ते कौतुक वाटलं. आजोबांना नाही. ते आतूनच म्हणाले, "काहून? नागपुरात घरं नसतात काय?"

गृहस्थांनी चहा घेता घेता समजावून सांगितलं. गोष्ट पुण्याची, एका निवृत्त प्राध्यापकाची. पण मराठी सिनेमाला सरकारचं अनुदान मिळतं, आणि चित्रीकरण आपल्या विदर्भात केलं तर त्या अर्जाला जोर येईल असं निर्मात्यांना वाटत होतं. म्हणून पुणे नागपुरात करायचं ठरलं होतं.

"मग गोष्टच इकडची का नाही घेतली?" मी विचारलं.

त्यांनी बशीत पाहिलं. "गोष्ट आधीच लिहून झाली होती काकू."

आठवड्याभरात माणसं आली आणि घरातून नागपूर काढायला लागली. दिवाणखान्याच्या खिडकीतला कूलर आपण बारा महिने तिथेच ठेवतो, तुम्हाला माहीत आहे. तो उचलता येईना, कारण त्याचं लोखंडी स्टँड भिंतीत बसवलेलं. मग त्याच्यावर प्लॅस्टिकची वेल चढवली. वेलीला जाईची फुलं होती आणि पानं द्राक्षाची. कोपऱ्यावरच्या दुकानाची संत्रा बर्फीची पाटी झाकली. गल्लीतल्या गाड्यांच्या एमएच ३१ वर पुण्याच्या एमएच १२ चे कागद चिकटवले. मी मात्र खूश होते, कारण ते लोक घरातली जी वस्तू हलवतील तिच्यावर चिठ्ठी लावत आणि जागेची नोंद करत. एवढी शिस्त मी या घरात लग्न झाल्यापासून मागत होते.

दिग्दर्शक पुण्याचा तरुण होता, फार सभ्य. आजोबा व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले त्याने पाहिले आणि म्हणाला, "काका, शेजाऱ्याचं एक छोटंसं काम आहे. कराल का?" एकच वाक्य होतं. प्राध्यापकांना शोधत एक माणूस येतो आणि फाटकाची कडी काढतो. शेजारच्या भिंतीवरून शेजारी विचारतो, "का हो, काय काम होतं त्यांच्याकडे?" बस.

आजोबांनी हे बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितलं, बँकेत सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. आणि गावी फोन करून थोरल्या बहिणीला, तुमच्या आत्याआजींना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आजोबा लहान असताना त्यांना सांभाळलं ते याच बहिणीने. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं.

"सिनेमात दिसशीन ते मले काय कामाचं?" त्या म्हणाल्या. "बोलशीन काय?"

"बोलीन ना."

"मंग आयकीन."

त्या दिवसापासून आजोबांना ते वाक्य म्हणजे हौस राहिली नाही. शब्द दिला होता.

तालमीचं काम माझ्याकडे आलं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, त्यामुळे मराठी मी पुस्तकातून शिकले आणि ती तशीच राहिली. आजोबा मात्र पाटबंधारे खात्यात आयुष्य काढूनही गावचीच बोली बोलतात. सकाळी पोह्यांच्या वेळी आम्ही बसत असू.

"का हो," मी म्हणायची.

"काहून हो."

"हून नको. नुसतं का."

"नुसतं का म्हणजे अर्धाच शब्द झाला वं. समोरच्याले वाटन मले ठसका लागला."

"पुण्यात तसंच म्हणतात."

"मंग पुण्यातल्या लोकायले ठसका लागत असन."

चार दिवसांनी 'का' जमलं. मग 'हो' ऐवजी 'गा' येऊ लागलं. गड्याला हाक मारायची तर गाच, हो कशासाठी, हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, तो गडी नाही, सभ्य गृहस्थ आहे. ते म्हणाले, "कोणाच्या फाटकाची कडी न विचारता काढते, आन सभ्य?"

मध्येच ते भूमिकेसाठी नवा सदरा घ्यायला स्कूटरवरून सीताबर्डीला गेले. नंबराचा कागद काढायचं राहून गेलं. व्हरायटी चौकात वाहतूक पोलिसाने थांबवलं.

"काका, या स्कूटरवर पुण्यावरून आले काय?"

"नाही गा. मी प्रताप नगरात राह्यतो. स्कूटर पुण्यात राह्यते."

पुढचं संभाषण लांबलं. शेवटी त्या जागा शोधणाऱ्या गृहस्थांना फोन लावून बोलावलं, त्यांनी परवानगीचे कागद दाखवले, आणि चिकटवलेला नंबर पोलिसाने स्वतःच्या नखाने सोलून काढला. सिनेमासाठी तो पुढे पुन्हा चिकटवला. सदरा आणला तो मोरपिशी. कपडे सांभाळणाऱ्या मुलीने तो बघून आजोबांना तुमच्या बाबांचा जुना करडा शर्ट घालायला लावला.

चित्रीकरणाच्या दिवशी मी खिडकीत होते. पाहुण्याचं काम करणारा नट आला, त्याने कडी काढली. आजोबा भिंतीपलीकडून पुढे झाले आणि स्पष्ट, स्वच्छ आवाजात म्हणाले, "का." दिग्दर्शकाने मान हलवली. मीही हलवली. आजोबांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "हून गा."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. एकदा 'का हो' बरोबर आलं, तर त्या आनंदात पुढचं वाक्यच विसरले. ऊन सरकत चाललं होतं. शेवटी दिग्दर्शक भिंतीपाशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही नुसतं बघा. तुमची नजर फार बोलकी आहे." मग आजोबांनी बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, पेपरवरून बघितलं. सगळे छान छान म्हणाले.

चित्रीकरण संपल्यावर ते जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले. मी म्हटलं, "अहो, दिसाल तर खरे." त्यावर ते म्हणाले, "जिच्यासाठी करून राह्यलो तिले दिसत नाही." ताईंचा फोन आला तर मी न्हाणीघरात आहे असं सांग, एवढं सांगून ठेवलं. फोन रोज येत होता. आत्याआजींच्या समजुतीने त्या दिवसांत त्यांचा भाऊ सारखा आंघोळच करत होता.

आणि मग अनुदानाच्या कामासाठी एक अधिकारी बाई पाहणीला आल्या. बाई इकडच्याच. त्यांनी अंगण पाहिलं, गाड्या पाहिल्या, जाईच्या फुलांची द्राक्षाची वेल निरखली.

"हे गाव कोणतं दाखवलंय?" त्यांनी दिग्दर्शकाला विचारलं.

"पुणे, मॅडम."

"आणि आपण उभे कुठे आहोत?"

"नागपुरात."

"मग नागपूर कुठे आहे यात?"

जागा शोधणाऱ्या गृहस्थांनी पुढे होऊन कूलरवरची वेल थोडी बाजूला केली.

तेवढ्यात फाटकाकडून आजोबांचा आवाज आला. बाईंचा ड्रायव्हर पाणी मागायला आत येत होता. "काहून गा, काय काम होतं?" आजोबा त्याला विचारत होते. आपल्या फाटकाशी आलेल्या प्रत्येकाला ते हेच विचारतात. कुरिअरवाल्याला, मीटर बघायला येणाऱ्याला, तुमच्या बाबांनासुद्धा एकदा अंधारात विचारलं होतं.

बाई वळल्या. "यांना घेतलंय का सिनेमात?"

"घेतलंय," दिग्दर्शक म्हणाला. "ते बघतात."

"बोलत नाहीत?"

"बोलत होते," तो म्हणाला. बिचारा.

संध्याकाळपर्यंत गोष्ट बदलली. शेजारी आता नागपूरचा झाला आणि मुलाकडे पुण्याला राहायला आला. आजोबांना निरोप मिळाला की उद्या वाक्य बोलायचं आहे, आणि तुमच्या पद्धतीनेच बोलायचं आहे. त्या रात्री ते दोन वेळचं जेवले आणि आत्याआजींचा फोन स्वतः उचलला.

सकाळी सगळी जुळवाजुळव झाली. शर्टाच्या कॉलरला माइक लावला. नट आला, कडी काढली. आजोबा पुढे झाले आणि म्हणाले, "का हो, काय काम होतं त्यांच्याकडे?" अगदी सदाशिव पेठेतलं. माझी सगळी मेहनत त्या एका वाक्यात उतरली होती.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "काका, ते तुमचं म्हणा ना."

"माहं कोणतं?"

"ते काहूनवालं."

आजोबांनी प्रयत्न केला. ओठ हलले. "आता ते येऊन नाही राह्यलं," ते म्हणाले. आणि माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीतून आत झाले.

दिग्दर्शकाने चहा सांगितला. आजोबांचं नंतर बघू म्हणाला आणि तोवर कॅमेरा पाहुण्याच्या तोंडावर लावून त्याचा एकट्याचा भाग घ्यायचं ठरवलं. आजोबांना वाटलं, पुन्हा 'नुसतं बघा' सुरू झालं. ते भिंतीशीच खुर्ची टाकून बसले. मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. ती जेवणानंतरची आहे की आधीची यावर आमचं नेहमीचं सुरू झालं. ते मला सांगत होते की डॉक्टर त्यांचे आहेत, माझे नाहीत. मागे कडी वाजली. आजोबांनी मान न वळवता, गोळी हातात तशीच धरून विचारलं, "काहून गा, काय काम होतं त्यायच्याकडे?"

तो नट खरोखर दचकला. उत्तर द्यायचं विसरून त्याने कडी पुन्हा लावली. कॅमेरा त्याच्यावर चालू होता, आणि आजोबांच्या कॉलरचा माइक कोणी काढला नव्हता. कानाला हेडफोन लावून आवाजाच्या यंत्रापाशी बसलेल्या माणसाने अंगठा वर केला. दिग्दर्शक मला म्हणाला, "काकू, आता त्यांना काही शिकवू नका."

सिनेमा लागला तेव्हा आत्याआजींना शहरात आणायची तयारी होईपर्यंत तो नागपुरातून गेलाही. आता तो मोबाइलवर आला, म्हणून काल आम्ही गावी गेलो. ओट्यावर बसवून मी त्यांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी तो फोनसारखा कानाला लावला. मी म्हटलं, ताई, लांब धरला तरी चालतं. त्या म्हणाल्या, "लांबून कसं आयकू येईन?" मग मी तो भाग लावून दिला. आजोबा शेजारी बसून गुडघा हलवत होते.

कडी वाजली. वाक्य आलं.

"काही काम नाही गा बाबू," आत्याआजी मोबाइलमध्ये म्हणाल्या. "सहजच. जेवला काय?"

मोबाइलमध्ये तो पाहुणा भलतंच काही बोलत होता. आजोबांनी शेजारून सांगितलं, "जेवलो."

तर बाळांनो, आजोबांनी दिलेल्या नजरा सगळ्या कापल्या गेल्या. त्यांचा चेहरा सिनेमात कुठेच नाही. पाहुणा फाटकाशी येतो आणि त्याचा दचकलेला चेहरा दिसतो, तिथे आवाज ऐका. ते एक वाक्य आजोबांचं आहे, त्यांच्याच आवाजात, आणि ते अजून आहे.