सत्काराने बुडालेला संघ

नांदेडला माझ्या घराखाली एका शिंप्याचं दुकान आहे. शिंपी माझ्याच वयाचा आणि खेळाचा भयंकर नादी. मशीन चालवता चालवता तो जगभरातल्या बुडालेल्या संघांचा पंचनामा करत असतो.

"सर, वेस्ट इंडीजवाले कसे काय खल्लास झाले हो? एक जमाना होता, नुसत्या नावानं समोरच्याचे पाय लटपटायचे."

मग मी हंगेरीच्या फुटबॉलचं सांगतो. जगाला नाचवणारा संघ, पण देशात उठाव झाला, मोठे मोठे खेळाडू परदेशातच राहिले आणि ती शान पुन्हा आली नाही. आपली हॉकी गवतावरून कृत्रिम मैदानावर गेली आणि घसरली. वेस्ट इंडीजची पोरं म्हणे बास्केटबॉलकडे वळली. प्रत्येकाच्या पडझडीला कसं भारदस्त कारण आहे! सांगताना माझं पित्त खवळतं. माझाही एक संघ असाच शिखरावरून खाली आला आणि त्याचं कारण चारचौघांत सांगायची लाज वाटते. तो सत्काराने बुडाला.

लातूरच्या आमच्या शाळेचा खो-खोचा संघ, मी कर्णधार. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मैदानात मदतीचे ट्रक उभे राहिले, म्हणून आम्ही शाळेमागच्या पडीक जागेत खांब रोवले. आमचा सगळ्यात भारी गडी किल्लारीकडचा, शिक्षणासाठी लातुरात मामाकडे राहणारा. गावाकडे त्याच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं. सुतक फिटल्यावर तो मुंडण केलेल्या डोक्याने सरावाला आला आणि असे सूर मारायला लागला की आम्हालाच भीती वाटली. त्या वर्षी आम्ही राज्याचा कप आणला.

मग सत्कार ठरला. शाल-नारळ द्यायला पाहुणा लागतोच. आमच्या खेळाच्या सरांनी हौसेने एका कोचिंग क्लासच्या मालकाला बोलावलं. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली पत्र्याच्या शेडमध्ये क्लास निघत होते. मालकाने माईकवर जाहीर केलं, संघातल्या प्रत्येक खेळाडूला बक्षीस म्हणून क्लास फुकट! सगळ्यांत जोरात टाळ्या आमच्या सरांनीच वाजवल्या. क्लासची वेळ सकाळ-संध्याकाळ, म्हणजे नेमकी सरावाची. ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

एकेक जण गळत गेला. मी मात्र नाही म्हणालो. मला पुढच्या वर्षी तो कप राखायचा होता, दुसरं काही नको होतं.

वडील भडकले. "लोकं रांगा लावायलेत अन् तू फुकटचं लाथाडायलास?"

नव्या वर्षाच्या संघनिवडीच्या आदल्या दिवशी मी त्या क्लासच्या दारात जाऊन उभा राहिलो. किल्लारीकडचा मित्र बाहेर आला.

"उद्या निवड हाय," मी म्हणालो. "तू आलास तर बाकीचे बी येतील."

"तुला बाप हाय," तो म्हणाला. "मामा कुठवर बघंल? मला डॉक्टर व्हावंच लागंल. खेळून मला कोण पोसणार हाय?"

त्याचं खरं होतं. तरी मला त्याचा राग आला आणि खरं सांगायचं तर अजून गेलेला नाही. त्या वर्षी शाळेने संघच पाठवला नाही. सर म्हणाले, पोरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मी एकटाच काही दिवस त्या पडीक जागेत पळायला जात होतो, मग तेही सुटलं.

उन्हाळ्यात प्रवेशाच्या दिवसांत गावभर त्या क्लासची पत्रकं वाटली गेली. घरोघर, पानटपरीवर, रसवंतीच्या बाकड्यावर. त्यावर सत्कारातला आमचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत 'आमचे गुणवंत खेळाडू-विद्यार्थी'. फोटोत रांगेच्या टोकाला तो मित्र आणि मी, दोघांनी कप धरलेला. मी क्लासला नव्हतो, म्हणून मला कापून टाकलं होतं. कापणाऱ्याला कप मात्र सगळा हवा होता. त्यामुळे कपाच्या एका कानावर माझी चार बोटं तेवढी राहिली होती.