अर्ज कुणी करायचा

लातूरच्या डाळ मिलमध्ये महादेवप्पांनी सदतीस वर्षं तूर पारखली. गाडी आली की ते पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, तळातले चार दाणे दाताखाली फोडायचे आणि मान हलवायचे. मान उभी हलते की आडवी, याकडे फाटकातल्या शेतकऱ्याचे डोळे लागलेले असत. महादेवप्पा मात्र त्याच्या तोंडाकडे कधीच बघत नसत. बघितलं तर दात खोटं बोलेल, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्त झाले, पण घरी बसणं त्यांच्या नशिबात नव्हतं. मिलचे मालक आप्पासाहेब यांनी आईच्या नावानं नागम्मा प्रतिष्ठान काढलं होतं. मिलच्या नफ्यातला एक हिस्सा दरवर्षी चांगलं काम करणाऱ्या संस्थांना द्यायचा, एवढा साधा हेतू. अर्ज ढिगानं येऊ लागले. खरा कोण, खोटा कोण, हे सांगणारा माणूस कुठून आणायचा?

"महादेवप्पा, तूर बघितलाव तसं ह्यास्नी बघा," आप्पासाहेब म्हणाले.

तेव्हापासून अकरा वर्षं महादेवप्पा एसटीनं हिंडले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर कापडी पिशवी. संस्थेच्या दारात ते उभे राहिले की आतली माणसं उगाच केस सारखे करायची. महादेवप्पा फार बोलत नसत. चालकाशी दहा मिनिटं, स्वयंपाक करणाऱ्या बाईशी अर्धा तास, असा त्यांचा हिशेब. मग घरी येऊन दोन कागद लिहायचे. नागम्मांच्या पुण्यतिथीला मिलच्या माडीवर सगळं कुटुंब बसायचं आणि ते कागद वाचले जायचे. आप्पासाहेबांना बांधकाम आवडायचं, धाकट्या भावाला शाळा. त्यांच्या बायका बहुतेक वेळा गप्प बसायच्या. "आईच्या नावाची पाटी कुठं लागणार?" हा प्रश्न मात्र दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. आणि एकाचाही नकार असला तर अर्ज बाद.

या सगळ्यावर नागम्मांनी जिवंतपणी घालून दिलेला एक नियम होता. ज्याला द्यायचं की नाही ते ठरायचं आहे, त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. म्हातारी म्हणायची, "च्या पिलास की न्हाई म्हनायला जीभ उचलत न्हाई." महादेवप्पांना या नियमाचा फार अभिमान. धपाटी पिशवीत, पाणी बाटलीत, आणि कुणी कप पुढे केला की दोन्ही हात छातीशी जोडून, डोळे मिटून मान हलवायची. नकार असा देखणा द्यायचे की समोरच्याला तो मानच वाटावा.

गेल्या माघात ते उमरीला गेले. अर्ज महामाया नावाच्या बाईंचा होता. वय चाळिशीचं, श्रवणयंत्रांचं शिक्षण घेतलेलं, आणि घराच्याच पुढच्या खोलीत दुरुस्तीचं केंद्र. शिबिरं होतात, म्हाताऱ्यांना यंत्रं वाटली जातात, फोटो निघतात. सहा महिन्यांत नळीत मळ बसतो, सेल संपतो, आणि यंत्र फडताळात जाऊन पडतं. महामाया आणि तिच्या दोन मुली गावोगाव फिरून ती यंत्रं पुन्हा चालू करत होत्या. आजवर मदत करणाऱ्या संस्थेनं हात आखडता घेतला होता. मार्चअखेर दुसरी सोय झाली नाही तर केंद्र बंद.

महादेवप्पा पोहोचले तेव्हा सरजाबाई नावाची एक म्हातारी टेबलासमोर बसली होती. रुमालाच्या गाठीतून तिनं यंत्र काढलं. महामायानं बारीक तारेनं नळी साफ केली, सेल बदलला, कानात बसवून दिलं आणि विचारलं, "आजी, ऐकू येतंय का?"

"वरडतीस कशाला गं?" सरजाबाई म्हणाली. "मी काय बहिरी हाय?"

खोलीतले सगळे हसले. महादेवप्पाही हसले, आणि हसता हसता त्यांच्या मनात मान उभी हलली. इथं नावाची पाटी लावायला भिंत नव्हती, उद्घाटनाला फीत नव्हती. पण काम तळापर्यंत खरं होतं.

तेवढ्यात महामाया आतून स्वतः चहा घेऊन आली. कपबशी नवी होती. महादेवप्पांनी नेहमीसारखे हात जोडले, डोळे मिटले, मान हलवली. "माफ करा. आमी कुठंच घेत न्हाई."

"मग पाणी?"

"पानी हाय माझ्याकडं." त्यांनी पिशवीतली बाटली दाखवली.

महामायानं त्यांच्या कपाळावरच्या विभूतीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि कप उचलून आत नेला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. महादेवप्पांना ती दिसली होती. पण आपल्या नकाराशी तिचा काही संबंध लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. परतीच्या गाडीत त्यांनी कौतुकाचे दोन कागद मनात लिहूनही टाकले.

आठवड्यानं महामायाचं पत्र आलं. दोनच ओळी. "आमचा अर्ज मागे घेत आहे. ज्यांना आमच्या घरचं पाणी चालत नाही, त्यांचे पैसे आम्हाला चालणार नाहीत."

महादेवप्पा पत्र हातात धरून ओसरीवर बसून राहिले. बायको मल्लम्मा शेंगा फोडत होती. तिनं वाचून घेतलं.

"बरोबर लिवलीया की," ती म्हणाली.

"अगं, नियम हाय. मी कुणाकडंच घेत न्हाई."

"कुणाकडंच?" मल्लम्मानं शेंगांवरची नजर काढली नाही. "औशाच्या वसतिगृहात ताक पिऊन आलाव की. वर जिरं लई छान होतं म्हनून मला सांगितलाव. तवा नियम कुठं गेला होता, लघवीला?"

"ऊन होतं गं चैताचं. आन् तो आपलाच मानूस..."

वाक्य अर्धंच राहिलं. पुढचा शब्द तोंडात होता, तो त्यांनी गिळला. अकरा वर्षांत तीनदा असं झालं होतं. औसा, निलंगा आणि एकदा उदगीर. तिन्ही ठिकाणी आपलीच माणसं. तिन्ही ठिकाणी त्यांना नियम आठवलाच नव्हता, आणि तिन्ही संस्थांना मदत मिळाली होती. तळाचे दाणे फोडायची सवय असलेल्या माणसानं स्वतःच्या पोत्यात कधी हात घातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उमरीला गेले, आणि हे सगळं जसंच्या तसं महामायाला सांगितलं. औशाच्या ताकासकट.

"काका, नियमाचंच तेवढं सांगितलं असतं तर मी दारातूनच परत पाठवलं असतं," ती म्हणाली. "ताकाचं सांगितलंत म्हणून बसा म्हणते. पण अर्ज मी पुन्हा करणार नाही."

"केंद्र बंद पडंल, ताई."

"पडेल. एकदा मागून झालं. आता तुम्हाला द्यावंसं वाटत असेल तर तुम्ही मागा."

पुण्यतिथीला माडीवर सगळे जमले. महादेवप्पांनी उमरीचे दोन कागद वाचले, आणि तिसराही वाचला. त्यात त्यांची चूक होती, तारीख-गावासह, आणि शेवटी महामायाची अट. आप्पासाहेबांचा चेहरा तापत गेला.

"म्हंजे आईचा नियम चुकला म्हनायचं तुमाला?"

"नियम न्हाई चुकला, मालक. मी चुकलो. पन नियम काय हाय ते आपन कुणालाच आधी सांगत न्हाई. समोरच्यानं आपल्या कपाळावरनंच वाचायचं का?"

"आन् आता आमी तिला अर्ज करायचा? देनारे आमी, मागनारे बी आमीच?"

आप्पासाहेबांची सून सुकन्या म्हणाली, "पप्पा, आपण दरसाल चाळीस लोकांना अर्ज करायला लावतो. एक आपण करून बघू. कळेल तरी कसं वाटतं."

"तुला हसू येतंय व्हय?"

"नाही. पण महादेवप्पांचा तिसरा कागद आधी कधी आला असता, तर औशाला आपण इतक्या घाईनं हो म्हटलं असतं का, एवढंच विचारतेय."

आप्पासाहेब उठून खिडकीपाशी गेले. खाली मिल चालू होती. मग न वळताच ते म्हणाले, "लिवा. 'विनंती' शब्द घाला. सही मी करतो."

अर्ज गेला. आठ दिवसांनी उमरीहून जाड पाकीट आलं. आत होकार नव्हता, नकारही नव्हता. नागम्मा प्रतिष्ठान इतरांना जो छापील नमुना पाठवतं, तोच कोरा नमुना होता. 'संस्थेचे नाव' खोडून वर शाईनं 'देणाऱ्याचे नाव' लिहिलेलं. शेजारी चिठ्ठी: "हा भरून द्या. मग मी भेटीला येईन."

महादेवप्पा मिलमध्ये आप्पासाहेबांसमोर चष्मा लावून बसले. निर्णय कोण घेतं? सात जण. त्यांत स्त्रिया किती? तीन. त्यांचं मत किती वेळा विचारलं गेलं? आप्पासाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"हे आपनच छापलंय?"

"हाव मालक. सगळ्यास्नी विचारतो की आपन."

"लई खोचक हाय बाबा." त्यांनी दाराकडे तोंड करून सुकन्येला हाक मारली. "ये, हितं बस. हे तूच सांग, किती येळा ते."

नमुना भरायला तीन दिवस लागले. मार्च संपायला अकरा दिवस उरले असताना महामाया लातूरला आली, माडीवर बसली, आणि सगळी पानं सावकाश वाचली. कुटुंबातली सातही माणसं समोर बसली होती. महादेवप्पा दाराशी उभे होते. सदतीस वर्षं फाटकात उभ्या राहिलेल्या माणसांचे चेहरे कसे असतील, ते त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

महामायानं शेवटचं पान उलटलं. "दोन प्रश्न कोरे सोडलेत," ती म्हणाली.

"उत्तर यीना म्हनून," आप्पासाहेब म्हणाले. "खोटं लिवन्यापरीस सोडलं."

तिनं पानं नीट जुळवली आणि सहीसाठी पेन मागितलं.