पडलेला जवान

कपाटातून घोंगडी काढली की तिच्या वासानं मुरबाडकडच्या जत्रेतला सिनेमाचा तंबू आठवतो. याच घोंगडीत मी आणि आत्या लढाईचा सिनेमा बघत बसलो होतो. आत्याचा मुलगा फौजेत होता. पडद्यावर एक जवान पडला, बाकीचे त्याला ओलांडून पुढे धावले आणि तंबूत शिट्ट्या वाजल्या. आत्या हळूच म्हणाली, "त्याला उचलला नाय रे कुनी."

"खोटं असतं गो ते," मी म्हणालो. ती मात्र शेवटपर्यंत त्यालाच शोधत राहिली.

त्या सिनेमात कोण जिंकलं, ते आता आठवत नाही. काल टीव्हीवर तसाच एक जवान पडला. "उचलला नाय रे कुनी," मी बोलून गेलो. शेणवे गावातल्या या घरात 'खोटं असतं ते' म्हणायला कुणी नव्हतं.