हवेलीचा तिसरा मनोरा

२००८ची मंदी आली आणि आमच्या दुबईतल्या कुसैसच्या ऑफिसातल्या टॉवरांची ड्रॉइंग्ज गुंडाळून कपाटावर गेली. मी मॉडेल बनवणारी. टॉवरच नाहीत तर मॉडेल कशाचं? नोकरी गेली की व्हिसा जाणार, आणि लेकीला ऐन दहावीत उचलून पुण्याला न्यावं लागणार.

तेवढ्यात आमच्या स्कॉटिश साहेबांनी टेबलावर पिवळे पडलेले नकाशे पसरले. त्यांच्या घराण्याची गावाकडची हवेली. "मेक मी अ मॉडेल. ते होईपर्यंत यू आर हिअर," म्हणाले. हवेली पुरवून पुरवून बांधायची, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

पण पहिलाच घोटाळा प्रामाणिक होता. सगळ्या मोठ्या खिडक्या दक्षिणेला! दुबईत असं घर बांधलं तर एसी महिनाभरात माना टाकतील. नकाशा काढणारा झोपेत असणार, असं म्हणून मी अख्खी हवेली फिरवली. साहेब हसून हसून लाल झाले. "यल्ला, टर्न इट बॅक! देअर वी बेग फॉर सन!" तीन आठवडे फुकट गेले, परत फिरवायला आणखी तीन मिळाले. मी मनातल्या मनात फुगडी घातली.

मूळ मनोरा दगडी, भिंती दोन हात जाड, कारण शेजारी गुरं पळवायचे. पुढे पणजोबांनी तागाच्या धंद्यावर दिवाणखाना आणि दुसरा मनोरा चढवला, खोलीगणिक शेकोटी. धुराडी कापता कापता माझी बोटं सोलली. काम संपत आलं की साहेब पेन्सिल घेऊन हजर! आजोबांची बिलियर्डची खोली राहिली. मग तिसरा मनोरा. तो नकाशात नव्हता, त्यांनी टिश्यू पेपरवर काढून दिला. तिथे म्हणे त्यांची आत्या पोपट पाळायची. मी पिंजरासुद्धा केला.

तोवर एक टॉवर पुन्हा सुरू झाला आणि मी टिकले.

लेक पुढे स्कॉटलंडला शिकायला गेली. एका रविवारी हवेली बघून आली आणि तिने फोन केला.

"आई, देअर आर ओन्ली टू टॉवर्स."

"तिसरा पडला असेल गं."

"नो, आई. आय आस्क्ड देम. देअर नेव्हर वॉज अ थर्ड वन. नो बिलियर्ड रूम आयदर."

मी गॅलरीत एकटीच खो खो हसत सुटले आणि हसता हसता रडू फुटलं. पोपटाची आत्या! तिसऱ्या मनोऱ्याला मी चार महिने लावले होते. लेकीची दहावी त्यातच झाली.