बुद्धी आठ, ताकद सोळा

पहिल्या रविवारी माझ्या जादूगाराला एक उंदीर मारता आला नाही. तीनदा त्याने बोटातून आग सोडली. पहिली भिंतीला लागली, दुसरीने गवताची गंजी पेटली, तिसरीने आमच्याच पुजारणीची वेणी जाळली. उंदीर भाताच्या पोत्यावर बसून मिशा पुसत होता.

"भाई, माझी वेणी!" पुजारीण ओरडली. पुजारीण म्हणजे आमचा विरारचा मित्र. एरवी तो पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतो, दाढी राखतो आणि रविवारी दुपारी भुईगावला येऊन देवीची सेवा करतो.

हा खेळ पटावर चालत नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, आणि आपलं म्हणणं खरं ठरलं की नाही ते फासा ठरवतो. गोष्ट सांगायची माझी भुईगावची मैत्रीण. ती चर्चच्या कॉयरमध्ये लहान मुलांना गाणी शिकवते, त्यामुळे एकाच वेळी चार जण केकाटले तरी तिचा आवाज चढत नाही. आम्ही तिला मास्तरीण म्हणायचो. तिचा मोठा भाऊ आमचा योद्धा. मी जादूगार. बसायचो त्यांच्या ओट्यावर. समोर केळीची बाग, आणि बाजूला तिची आई सुकेळी वाळत घालायची.

प्रत्येक पात्राला सहा आकडे असतात: ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण, करिश्मा. आकडे फाशांनी पडतात, पण कुठला कुठे ठेवायचा ते आपण ठरवायचं. दहा म्हणजे साधा माणूस. सोळा असेल तर त्या कामाच्या प्रत्येक फाशात तीन मिळवायचे; आठ असेल तर एक वजा करायचा. जादूगाराची जादू बुद्धीवर चालते, पुजाऱ्याची शहाणपणावर, गाणाऱ्या भाटाची करिश्म्यावर. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मला सोळा पडले होते. मी ते ताकदीत टाकले, आणि बुद्धीत आठ.

"अगं, जादूगाराला बुद्धी लागते," मास्तरीण म्हणाली.

"कोणी ठरवलं?"

"पुस्तकाने."

"आणि पुस्तक कोणी लिहिलं? मिठागरात उभं राहिलेल्याने?"

माझा जादूगार मिठागरात राबून मोठा झालेला होता. त्याचं चरित्र मी दोन पानं लिहून आणलं होतं. ज्याच्या हातांनी मीठ पिकतं त्याच्या हातांनी जादूही पिकावी, असं माझं म्हणणं. योद्ध्याने पानं चाळली आणि विचारलं, "कॉम्रेड, याच्यात मंत्र कुठेयत?"

माझा काही इलाज नव्हता. मी पत्रकांवर वाढले. माणिकपूरच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे: पाण्याच्या टँकरवर, खाडीतल्या भरावावर, बुवा-बाबांवर. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. शाळेत निबंधाला 'माझा आवडता प्राणी' विषय आला तेव्हा मी गाईच्या चार मागण्या लिहिल्या होत्या.

तर पाच रविवार असेच गेले. माझ्या मंत्रातून निसटायला समोरच्याला वीस बाजूंच्या फाशावर नऊ पुरत. बुद्धी सोळा असती तर तेरा लागले असते. पेंगुळलेला रखवालदार माझ्या मोहिनीतून जांभई देत बाहेर पडला आणि मला म्हणाला, "काय रे, लघवीला आलास का?" मास्तरणीने ते त्याच्या आवाजात म्हटलं, आणि सुकेळी उलटणारी तिची आईसुद्धा खाली बसून हसली. मीही हसले. पण घरी येताना रिक्षात माझं डोकं तापायला लागलं, आणि सहाव्या रविवारच्या आदल्या दिवशी मी पत्रक लिहिलं.

आईने ते लाल पेन घेऊन वाचलं.

"मंत्र?" ती म्हणाली. "आपल्या घरात?"

"आई, ते गणित आहे. वीस बाजूंचा फासा, अधिक आकडा."

"वीस वर्षं मी बुवांविरुद्ध पत्रकं वाटतेय गं, आणि तू इथे मंत्राला अधिक तीन मागतेयस." मग ती गंभीरपणे खाली वाकली. "'अन्याय्य' तीनदा आलाय. दोन काढ. आणि मागणी पहिल्या ओळीत हवी. माणूस चालता चालता वाचतो."

"ते बसून वाचणारेत."

"तरी."

आमच्या घरात पन्नासच्या खाली काही छापत नाहीत, म्हणून तीन वाचकांसाठी पन्नास प्रती निघाल्या. वर लिहिलं होतं: 'जादू बुद्धिवंतांची मक्तेदारी नाही! ताकदीवर जादू करण्याचा हक्क मिळालाच पाहिजे!' खाली कारणं, आणि शेवटी 'मागणी मान्य होईपर्यंत खेळावर बहिष्कार' असं ठळक अक्षरात.

विरारच्या मित्राने पत्रक वाचून टाळ्या वाजवल्या. "भारी लिहिलंय यार. पण मी विरोधात. माझं शहाणपण सतरा आहे, मी कशाला?"

योद्ध्याने एका पत्रकाची पुडी करून तिच्यात सुकेळी भरली.

मास्तरणीने मात्र दोनदा वाचलं. मग म्हणाली, "बुद्धी आणि ताकद अदलाबदल कर. आत्ता, इथेच. कोणी काही बोलणार नाही."

"नाही."

"मग ऐक. तीन रविवार. तोवर तुझा मिठागरवाला आहे त्या आकड्यांवर जगला, तर तुझा नियम मी माझ्या हाताने पुस्तकात लिहीन. मेला, तर नवीन जादूगार करायचा, बुद्धी सोळा, आणि परत पत्रक आणायचं नाही. कधीच."

"कधीच?" विरारचा म्हणाला. "हिला दम लागेल."

मी हात पुढे केला. तिने तो हातात घेऊन झटकला, कॉयरमधल्या पोरांचा झटकते तसा.

आता पुढच्या रविवारपर्यंत माझ्याकडे सहा दिवस होते. मी वाचनालयात काम करते. दुपारी तिथे पंख्याखाली पेपर वाचणारे दोन-तीन आजोबा सोडले तर कोणी नसतं. पुस्तकाच्या झेरॉक्सवर पेन्सिल घेऊन बसले. एकेक मंत्र वाचत गेले. हा लागायला फासा हवा, म्हणजे बुद्धी. फुली. हा समोरच्याला चुकवता येतो, म्हणजे बुद्धी. फुली. पान, अर्धं पान, फुल्याच फुल्या. मग धुक्याचा मंत्र आला. धुकं पसरतं. बस्स. कोणाच्या बुद्धीने पसरवलं ते धुकं विचारत नाही! मी पुन्हा वाचला. मग सावकाश पडण्याचा मंत्र: उंचावरून पडणारा पिसासारखा खाली येतो. त्याच्यातही आकडा नाही. दिव्याचा मंत्र, नाही. पाणी वाहून आणणाऱ्या अदृश्य नोकराचा, नाही. लांब ढांगांचा, नाही! मी खुर्चीतच दोन्ही पाय वर घेतले आणि तोंडावर झेरॉक्स धरून हसत सुटले. एका आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. "नोकरी लागली का?" त्यांनी विचारलं. मी इथेच नोकरी करते, हे ते रोज विसरतात.

आठ बुद्धीचा एक तोटा उरलाच होता. माझ्यासारख्या तिसऱ्या पायरीच्या जादूगाराला सकाळी ठरवून तीनात बुद्धीची भर टाकून तितके मंत्र तयार ठेवता येतात. माझी भर उणे एक. म्हणजे दोन, पण तेच दोन पुन्हा पुन्हा वापरता येतात. मी धुकं घेतलं आणि सावकाश पडणं घेतलं.

पैजेचा पहिला रविवार धुक्याने निभावला: नाक्यावरचे दरोडेखोर एकमेकांनाच बडवत राहिले आणि आम्ही त्यांच्यामधून वाट काढली. दुसऱ्या रविवारी मी तिघांनाही खोल विहिरीत उतरवलं, पिसासारखं. योद्धा उतरताना मुद्दाम हात पसरून सम्राट असल्यासारखा फिरला.

तिसऱ्या रविवारी आम्ही खाडीकाठच्या साठ फुटी मनोऱ्याच्या टोकावर अडकलो. खाली आमची होडी. जिन्यातून वर येत होती नऊ हात लांब घोरपड. योद्धा तिच्या शेपटीच्या एका फटक्यात बेशुद्ध पडला होता, म्हणून त्याचा मालक, मास्तरणीचा भाऊ, ओट्यावर खरोखर आडवा झाला होता, डोळे मिटून. पुजारणीची जादू संपलेली. घोरपडीचाही जीव जेमतेम उरला होता.

"आग सोड ना," विरारचा म्हणाला. "एकच घाव पायजे, भाई."

आग सोडायला मला तयारी लागत नव्हती. पण ती लागायला फाशावर पंधरा हवे होते. मी फासा उचलला. मोह झाला, खोटं कशाला बोलू. मग खाली ठेवला.

"धुकं," मी म्हणाले. "आणि धुक्यात मी दोघांना उचलून उडी मारते."

"दोघांना?" मास्तरीण म्हणाली. "चिलखत घातलेला योद्धा आणि पुजारीण?"

"माझी ताकद सोळा आहे."

आपले आकडे आम्हाला दिसू नयेत म्हणून ती समोर पुठ्ठ्याचा पडदा उभा करते; त्यामागे तिने बोटांवर हिशेब केला. "वजन जास्त होतंय. फासा टाक. ताकदीचे तीन धरून पंधरा हवेत. नाही जमलं, तर घोरपड पोचली."

"मी थोडा वजन कमी केला असता," योद्धा डोळे मिटूनच म्हणाला, "पण आईने सोडलं नाय."

"बेशुद्ध माणसाने बोलू नये," मास्तरीण म्हणाली.

विरारच्याने हात वर केला. "माझा छोटा आशीर्वाद उरलाय. तो कधीच संपत नाही. चार बाजूंचा फासा, जे पडेल ते हिला." आणि मग त्याच्या लक्षात आलं. "अरे, याला पण शहाणपण लागत नाही!"

मी वीसचा टाकला. नऊ. नऊ आणि तीन बारा. आणखी तीन हवे होते.

विरारच्याने चारचा फासा मुठीत घेऊन फुंकर मारली, देवीचं नाव घेतलं आणि इतक्या जोरात टाकला की तो ओट्यावरून उडून केळीच्या आळ्यात गेला. आम्ही तिघं चप्पल न घालता धावलो. बेशुद्ध योद्धा सगळ्यांच्या पुढे. सकाळीच पाणी दिलेलं होतं. फासा चिखलात तिरका रुतून बसलेला. आकडा दिसेना.

"तीन आहे! मला तिनाची शेपटी दिसली!" विरारचा ओरडला.

"तो मातीचा डाग आहे," योद्धा म्हणाला.

"हात लावू नका!" मास्तरीण ओट्यावरून म्हणाली. ती उतरली, वाकली, बघितलं, शांतपणे फासा उपटला. "मोजत नाही. पुन्हा."

तिच्या आईने ओंजळीत पाणी आणून तो धुऊन दिला. "पोरीच्या हातात द्या रे," ती म्हणाली. "तुम्ही टाकाल तो विरारला जाऊन पडेल."

मी टाकला. ओट्याच्या फरशीवर तो फिरलाच नाही, धप्पकन बसला. चार.

त्यानंतर कोण काय ओरडलं ते मला सांगता येणार नाही. विरारच्याने मला खरंच उचलायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. धुक्यातून मिठागरवाला एका खांद्यावर योद्धा आणि काखेत पुजारीण घेऊन निघाला, आणि तिघं पिसासारखे होडीत उतरले. होडीतल्या औषधाच्या कुपीने योद्ध्याला शुद्ध आली. मास्तरणीने पेन काढलं, पुस्तकाच्या झेरॉक्सच्या समासात लिहिलं, 'इथून पुढे जादू ताकदीवरही चालते', आणि खाली सही केली.

योद्धा उठून बसला. "कॉम्रेड, ताकदीवर म्हणजे कोणाच्याही?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याची ताकद अठरा होती.

"पत्रकात 'हक्क' लिहिलंय," तो म्हणाला आणि सुकेळ्यांची पुडी उलगडायला लागला. "फक्त तुमचा, असं नाय लिहिलंय."

विरारचा हसून हसून ओट्यावर लोळत होता. मी म्हणाले, "कोणाच्याही."

"मग मी आग सोडतो."

त्याने फासा टाकला. लागली, पहिल्याच फटक्यात. मनोऱ्याच्या टोकावर धुक्यातून डोकं काढून बघणारी घोरपड पेटली, तिचा पंजा सुटला, आणि ती सरळ आमच्या होडीच्या दिशेने खाली यायला लागली.

"ती मेली का?" मी ओरडले. मेलेल्यावर माझा मंत्र चालत नाही.

मास्तरणीने पडद्यामागे पाहिलं. "एक जीव उरलाय."

"सावकाश पड!" मी म्हणाले.

"अगं, तू तिला वाचवतेयस!"

"मी होडी वाचवतेय!"

नऊ हातांची जळती घोरपड आमच्या डोक्यावर पिसासारखी, डुलत डुलत, अतिशय संथपणे उतरायला लागली.

"वल्हव, कॉम्रेड!" योद्धा ओरडला. "तुझी ताकद सोळा आहे!"

मी दोन्ही हातांनी हवेत वल्ही मारायला लागले.