एका डब्याच्या गाडीचं डिझेल

क्योतोला येऊन तीन वर्षं झाली, पण ज्यावर पोट भरतं त्यातलं काहीही मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. युरोपातल्या कुठल्या देशात वाहतुकीला किती इंधन लागतं, त्यातून हवेत किती धूर जातो, याचे तक्ते मी जुळवते. त्यातल्या एकाही देशात गेलेले नाही. मग आमच्या प्रयोगशाळेकडे इथलंच काम आलं. उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या एका गावात एका डब्याची डिझेल गाडी धावते. ती ठेवावी की छोटी बस आणावी, कशात तेल कमी जळेल, हे नगरपालिकेला हवं होतं. आमचे प्राध्यापक, म्हणजे सेन्सेई, म्हणाले, जाऊन मोजून या.

पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेले बाबा घरात बसून वैतागले होते. बस डेपोच्या वर्कशॉपात हयात गेलेला माणूस. डिझेल म्हटल्यावर त्यांनी आधी बूट घातले आणि मग कुठे जायचं ते विचारलं.

शनिवारी सकाळी क्योतोहून एक्स्प्रेस पकडली. दोन तास लागतात. नंतर एका लहानशा जंक्शनवर गाडी बदलायची. तुम्ही जाणार असाल तर सुटी नाणी ठेवा, या गाडीत कार्ड चालत नाही. मागच्या दाराने चढायचं, मशीनमधून नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना चिठ्ठी नि पैसे ड्रायव्हरजवळच्या पेटीत टाकायचे. बाबांनी चिठ्ठी घेतलीच नाही, त्यामुळे गाडी मागे जिथून सुटली होती, त्या पहिल्या स्टेशनापासूनचं भाडं त्यांना पडलं. शाकाहारी असाल तर खाणं बरोबर न्या, तिथे भाजीसुद्धा मासळीच्या पाण्यात शिजते. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती.

डब्यात चौदा माणसं भरली. मी खूश झाले. चौदांना वाटून दिलं की माणशी डिझेल बेताचंच येतं, म्हणजे गाडीला आशा होती. बाबा इंजिनाचा आवाज ऐकत होते. म्हणाले, "अगं, हे इंजिन आपल्या बसच्या इंजिनाएवढं आहे. डबा मात्र केवढा ओढतंय."

शेवटचं स्टेशन समुद्रालगत आहे. तिथे बरेच जण उतरले, फलाटावर फोटो काढले आणि त्याच गाडीने परत जायला पुन्हा चढले. मला काही कळेना. शेजारच्या बाकावरून उतरलेल्या आजींना विचारलं. नाव नाकागावा, वय अठ्ठ्याहत्तर.

"आज तिसरा शनिवार," त्या म्हणाल्या. "गाडी बंद पडू नये म्हणून गावातले लोक या दिवशी मुद्दाम बसतात. आपापल्या मोटारीने स्टेशनवर येतात, इथवर येतात आणि परत जातात."

बाबांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मोटारीचंही तेल आणि गाडीचंही. वा रे वा."

नाकागावासानकडे (इथे नावाला आदराने 'सान' जोडतात) आता मोटार नव्हती. घराच्या फाटकाला मोटार घासली तेव्हा मुलीने हट्ट धरला आणि त्यांनी लायसन्स पोलिसांकडे परत दिलं. म्हाताऱ्या माणसांनी ते द्यावं अशी इथे पद्धतच आहे. आगगाडी दारात थांबते, मग मोटार कशाला, असा त्यांचा विचार होता. नवरा शेवटच्या स्टेशनाजवळच्या वृद्धाश्रमात आहे. तो बायकोला ओळखत नाही, पण तिच्या हातून जेवतो, दुसऱ्या कुणी भरवलं तर तोंड मिटून घेतो. म्हणून त्या रोज दुपारी येतात.

माझ्या हातातल्या कागदाकडे त्यांनी पाहिलं. "विद्यापीठातून मोजायला आलात ना? मग सोमवारी मोजा. आजचं खरं नाही."

मी मान खाली घालून आभार मानले. वाटलं, यांनी हे सांगायला नको होतं.

दोन रात्री एका घरगुती खानावळवजा हॉटेलात राहिलो. गाद्या जमिनीवर, खिडकीत समुद्र. रविवारी वारा इतका होता की बाबा स्वेटरवर स्वेटर चढवून बसले आणि मी जुनं वेळापत्रक उतरवून घेतलं.

सोमवारी दुपारी डब्यात आम्ही सोडून तिघी होत्या. दोन शाळकरी मुली दुसऱ्याच स्टेशनला उतरल्या. मग उरल्या नाकागावासान.

"चौदा लिही," बाबा म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

"तुम्ही लिहिले असते?"

"नसते लिहिले."

क्योतोला येऊन मी तीन लिहिले. बस सहज जिंकली. लायसन्स परत केलेल्या प्रवाशांबद्दल एक परिच्छेद घातला, सेन्सेईंनी तो परिशिष्टात ढकलला. बाबा पुण्याला गेले. पुढच्या वसंतात गाडी बंद झाली.

कुणी मला विचारलं तर तो किनारा पाहण्यासारखा आहे, जरूर जा, आता बसने जाता येतं. इंधनाचं म्हणाल तर आमचं उत्तर अचूक होतं, पुन्हा तपासलं तरी तेच येतं. मला मात्र त्याचा आनंद झाला नाही, वाईटच वाटलं, आणि या कामात वाईट वाटण्यासाठी रकाना नसतो.

नववर्षाला नाकागावासानचं कार्ड आलं. अक्षर सुरेख. लिहिलं होतं, बस स्वच्छ आहे, ड्रायव्हर हात देऊन चढवतो. वृद्धाश्रमात भेटीची वेळ दोनला सुरू होते आणि परतीची शेवटची बस अडीचला सुटते. यजमानांना भरवायला पाऊण तास लागतो, म्हणून अर्धं जेवण झालं की मी उठते. आपण खरं मोजलंत, त्याबद्दल मनापासून आभार.